खंडेनवमीला धुतलेलं विमान

श्री

मुक्काम बाभुळगावजवळ, दसऱ्याचं सोनं वाटून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी

विमलताई विहीणबाईले कांताचा पदर पुढे करून नमस्कार. वयानं मी मोठी आहे (तुम्ही मानत नाही, पण माझ्या तोंडात दात किती उरले अन् तुमच्या तोंडात किती, एवढ्यावरून कोणीही सांगेल), तरी तुम्ही मुलाकडच्या, म्हणून पहिला नमस्कार माझाच लागते. तुमचा गुडघा कसा आहे? मी दिलेलं लसणाचं तेल लावता, की बाटली देवळीत ठेवून नुसतीच पाहता? थोरल्या सूनबाई, पोट्टे सगळे खुशाल असतील असं धरून चालते. इकडे आम्ही बरे. माझी कंबर होती तिथंच आहे. ह्यायचा खोकला थंडीसोबत येत असते, तो यंदा आधीच येऊन बसला. रजनी बरी. आभा दुसरीत गेली अन् मले शुद्धलेखन शिकवून राह्यली, तरी या पत्रात जिथं चुका दिसतील तिथं आभाचं लक्ष नव्हतं असं समजा. मी शाळेत गेली ती चौथीच्या अर्ध्यापर्यंत. मग माझ्या आईले सातवं मूल झालं अन् मास्तर म्हणाले, कांते, आता तू घरीच शीक.

तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना पत्र कायले? तर रागावू नका विहीणबाई, फोनवर तुम्ही बोलता अन् मी हूं हूं करते. मागच्या खेपेले मी तुम्हाले फक्त एवढंच सांगायले फोन केलता की पाटोड्या चांगल्या झाल्या, तर तुमच्या पाटोड्या कशा होतात हे ऐकता ऐकता माझ्या थंड झाल्या. पत्रात कोणी मधात बोलत नाही. अन् आजची गोष्ट मधात बोलण्यासारखी नाही. तुमच्या मुलाची गोष्ट आहे. म्हणजे माझ्या जवायाची. माणूस एकच, पण आज मले तारीफ करायची आहे, म्हणून आजच्या दिवस तो माझा जवाई.

आता मागचं थोडं सांगावं लागते. दिग्रसची ती जिनिंग बंद पडली तेव्हाचं तुम्हाले माहीतच आहे. कापसालेच भाव नाही, तर कापसातली सरकी काढणाऱ्या मशीनीले कोण विचारते, अन् मशीनी सांभाळणाऱ्याले तर त्याहून कोण. मिलचं क्वार्टर गेलं, तुमच्या नेरच्या घरी थोरल्याचा संसार भरलेला, म्हणून अवधूत, रजनी अन् पोरगी आमच्याकडे आले. आम्हाले आनंदच. पण सासऱ्याच्या ओसरीत राहणं माणसाले किती टोचते हे मी पाह्यलं. गावातल्या कोणी साध्या मनानं विचारलं, "काय पाहुणे, मुक्काम आहे ना?" की जवाईबापू आपल्याच चपलांकडे पाहत. तो माणूस मशीनीच्या घरघरीत बोलायची सवय असलेला. पूर्वी दिवाळीले यायचे तर फाटकातूनच आवाज घुमायचा अन् गोठ्यातल्या गायी मान वर करायच्या. आता नुसतं "हो मामी", "नाही मामी", "जेवलो मामी". घरात आहेत की बाहेर हे मले दारातल्या चपला पाहून समजून घ्यावं लागे. रजनी म्हणे, आई, तू त्यायले बोलतं कर. मी म्हटलं, बाई, सासूनं जवायाले बोलतं करायची काही रीत मले कोणी शिकवली नाही. वाढायची शिकवली तेवढी मी करून राह्यली.

त्यातच यवतमाळचे ते नीळकंठ साहेब आले. (तुम्ही त्यायले पाह्यलं नाही. उंच, पांढऱ्या मिशा, आधी लढाईची विमानं उडवत, आता रिटायर होऊन गुलाब लावतात.) त्यायनं कुठल्याशा कृषी प्रदर्शनात अवधूतनं केलेली जिनिंगची छोटी मशीन पाह्यलती, तुम्हाले आठवत असेल, सुपारीएवढ्या बोंडातून खरोखर सरकी काढणारी. तर साहेबांच्या मनात असं, की यवतमाळच्या एका शाळेत मोठ्या खोलीभर लढाईच्या जुन्या विमानांचे नमुने मांडायचे. एक खोकं त्यायनं अवधूतच्या हातात दिलं अन् सांगतलं, हे करून दाखव, दसऱ्याले मी स्वतः येऊन पाहतो. मनासारखं झालं तर खोलीभर विमानं तुझीच, अन् पुढे पोरांना शिकवायचं कामही तुझंच. नाही झालं तर गुलाबाची कलमं घेऊन जा. अट एकच घातली. विमान दुकानातून आणल्यासारखं दिसता कामा नये, लढून आल्यासारखं दिसलं पाहिजे. ही अट अवधूतले माहीत होती, रजनीले माहीत होती, ह्यायले माहीत होती. मले कोणी सांगतली नाही. पुढची सगळी गोष्ट एवढ्यातच आहे, विहीणबाई.

(तेच खोकं घेऊन जवाईबापू पोळ्याले नेरले आलते, तुम्हाले दाखवायले. तुम्ही म्हणाल्या, एवढं शिकून खेळणी करत बसतो का, त्यापेक्षा मामेभावाच्या खताच्या दुकानात बस. आईचा जीव, तुमचंही खरं. ते मी उकरून काढत नाही. फक्त मधात आलं म्हणून लिहिलं.)

विमान कोणतं, तर हरिकेन म्हणून. मागच्या मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूले आपले हिंदी पायलट उडवत तसलं. खरं असते घराएवढं, हे वीतभर. मी आपली समजली, खोक्यात विमान असेल, काढून ठेवायचं. उघडून पाहते तर चिंचेच्या डहाळीले चिंचा लटकाव्या तसे प्लास्टिकच्या काड्यांले बारके बारके तुकडे लटकलेले. पंखाचे दोन, शेपटीचे चार, चाकं, नळ्या, अन् एक तर मुंगीनं उचलून नेला तरी कळू नये असा. मी म्हटलं, साहेबांनी मोडकं दिलं की काय. पण जवाईबापूंनी कापसाच्या रिकाम्या खोलीत पाट मांडला, नखं कापायच्या कात्रीनं एकेक तुकडा कापला, काचकागदानं घासला, फुंकला, उजेडात धरून पाह्यला, पुन्हा घासला. मी चहा ठेवायच्या निमित्तानं जाई अन् पाहत उभी राही. पायलट बसतो तिथं त्यायनं चांदीच्या कागदाचे पट्टे कापून खुर्चीले पट्टा लावला, अन् त्यावर काच बसवून टाकली. मी म्हटलं, बापू, हा पट्टा आता कोणाले दिसणार? तर म्हणाले, "बसणाऱ्याले दिसते, मामी." त्या महिन्यातलं त्यायचं ते सगळ्यात लांब बोलणं. मी सैपाकघरात येऊन रजनीले दोनदा सांगतलं.

रंगाचं तर काय सांगू. फवाऱ्याची मशीन महाग, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये हवा भरून तिच्यावर नळी बसवली, अन् त्या हवेवर दाढी केल्यासारखा गुळगुळीत रंग बसवला, मातकट अन् हिरवा, जसं वावरात अर्धं उगवलं अन् अर्धं राह्यलं. पंखांवर निळेपांढरे गोल. पण आपलं घर कापसाचं. वेचणीआधीची कापसाची पूजा, शीतादही, नुकतीच झालती, पहिल्या वेचणीचा कापूस ओसरीत, अन् प्रत्येकाच्या अंगावर तंतू. मी एकदा नुसती वाकून पाह्यली तर माझ्या पदराचा कापूस ओल्या रंगावर बसला अन् विमानाले म्हाताऱ्या माणसासारखी मिशी आली. तेव्हापासून खोलीत जायचं तर अंग झटकून, ओल्या फडक्यानं हात पुसून, देवघरात जावं तसं जायचं. विमानावर आभाची लहानपणची मच्छरदाणी टाकली. शेजारची लालीबाई भिंतीवरून विचारे, "मच्छरदाणीत कोण आहे वं? रजनीले काही झालं की काय, सांगतलं नाही?" मी म्हणे, झालं नाही, होऊन राह्यलं.

इथवर सगळं चांगलं. मग एक दिवस जेवण झाल्यावर जवाईबापू हलक्या आवाजात म्हणाले, "मामी, खडेमीठ आहे का थोडं?" विहीणबाई, तुम्ही बाईमाणूस आहात, तुम्हाले कळेल. इतक्या वर्षांत माझ्या हातची भाजी अळणी झाली असं माझ्या सासूनंही म्हटलं नाही, अन् तिनं बाकी सगळं म्हटलं. जवाई माणूस जेवून उठल्यावर मीठ मागते म्हणजे किती दिवस गप्प बसून अळणी खाल्लं असेल बिचाऱ्यानं! मी मुकाट वाटी दिली, अन् संध्याकाळच्या वांग्यात जरा हात मोकळा सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मामी, मीठ." मी कढीत आणखी सोडला. हे तांब्याभर पाणी प्यायले, जवायासमोर काही बोलले नाहीत, नुसते डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत राह्यले. मी म्हटलं, पाहा, ह्यायलेही आता चव लागली. तिसऱ्या दिवशी अवधूतनं पुन्हा मीठ मागतलं तेव्हा मी गोळाभातात असं मीठ घातलं की आभानं घास तोंडातून परत ताटात ठेवला अन् म्हणाली, आजी, समुद्र. मग रजनीनं उलगडा केला. ते मीठ विमानाले लागत होतं! पंख ओला करून त्यावर मिठाचे खडे चिकटवायचे, वरून रंग मारायचा, वाळला की खडे खरवडून काढायचे. म्हणजे तिथला रंग उडाल्यासारखा दिसते अन् खालची चांदी उघडी पडते. मी म्हटलं, अन् जेवणात? तर रजनी म्हणे, जेवणात ते काही म्हणालेच नाहीत, तू दिलं तेवढं खाल्लं. तीन दिवस खाल्लं, विहीणबाई. तुमच्या शिकवणुकीले माझा नमस्कार.

पण माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. एवढं देखणं विमान, अन् त्याचा रंग कोणी मुद्दाम कायले उडवते? पुढे रोज पाहते तर रोज नवीन खराबी. शेगडीच्या काजळीनं त्याचे दोन्ही गाल काळे केले. प्रत्येक फटीत काळं पाणी सोडलं. चाकांले चिखल लावला. ब्रशनं धूळ चोपडली, आमच्या घरात जिची कमी नाही, तरी चाळून चोपडली. मी रजनीले विचारलं तर ती वाती करण्यात गुंग, म्हणाली, असंच करायचं असते आई. मले वाटलं, पोरगी नवऱ्याचं झाकून राह्यली. माणूस आतून खचला की आपल्याच हातानं आपलं चांगलं काम बिघडवते, असं माझ्या मनानं घेतलं. दसऱ्याले साहेब येणार, हे मळकं, काळं तोंड केलेलं विमान पाहणार, अन् गुलाबाचं कलम हातात देऊन जाणार. मग हा माणूस जो अर्धा गप्प आहे तो पुरता गप्प होईल. माझी रजनी, आभा, सगळ्यांचं काय? हे मी कोणाले बोलली नाही. (मी बोलली नाही अशी ही माझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट असेल, अन् तिथंच चुकलं.)

खंडेनवमीले जवाईबापू अन् रजनी यवतमाळले गेले, शेवटचं पारदर्शक पॉलिश आणायले. ते पॉलिश बसलं की मळ पक्का होते, मग निघत नाही. हेही मले नंतर कळलं. इकडे मी नेहमीसारखी शस्त्रं पूजेले काढली. विळे, कोयते, कुऱ्हाड, डवऱ्याची लोखंडी फास, शिलाई मशीन, ह्यायच्या मोटरसायकलची किल्ली. सगळं घासून पुसून पाटावर मांडलं. अन् मनात आलं, घरात एवढं लढाईचं शस्त्र असताना ते मच्छरदाणीत ठेवून आपण विळ्यांची पूजा करणार? अन् पूजेले काही मळकं थोडीच मांडतात. विळा मांडत नाही तर विमान कसं मांडू?

तर मी कोमट पाण्यात रिठा घोळला, आपल्याच कापसाचे बोळे केले, अन् तान्ह्या लेकराचे कान साफ करावे तसं त्या विमानाले न्हाऊ घातलं. काजळी गेली, चिखल गेला, फटीतलं काळं पाणी रॉकेलच्या बोटानं निघालं. त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत एक लांब केस ताणलेला होता. मी म्हटलं, बाई, केस! आपल्या घरात भाजीत कधी निघाला नाही अन् विमानावर? तो ओढून फेकला. (तो रजनीचाच केस होता. वायरलेसची तार म्हणून निवडून लावला होता. तिच्या डोक्यावरचे सोडून मी नेमका तोच उपटला.) पंखावर जिथं रंग खरवडला होता तिथं मात्र माझा इलाज चालेना. मग जे खरचटल्यावर आपण करतो तेच केलं. हळद लावली. पंख्याच्या नाकाले कुंकू, वर झेंडूचं फूल, अन् ओवाळलं. हे म्हणाले, अगं, हे असं करायचं होतं का? अट ह्यायले माहीत होती बरं का! पण मी एवढ्या भक्तीनं बसलेली पाहून म्हणे त्यायले वाटलं, ठरलं असेल. आमच्या घरात सगळे एकमेकांचा मान ठेवून राह्यलते म्हणून एवढं झालं.

तिसऱ्या प्रहरी दोघं आले. पाटावर विळ्याकोयत्यांच्या मधात ते लखलखीत विमान. जवाईबापू दारातच थांबले. हातातली पॉलिशची बाटली तशीच. मी हसून म्हटलं, पाहा बापू, कसं नवं करून दिलं! माझे हे उगाचच खोकले. रजनी भिंतीले टेकली. अन् मग विहीणबाई, तुमचा मुलगा ओरडला. असा ओरडला की गोठ्यात गाय उभी राह्यली.

"आई! कोणी सांगतलं तुले हात लावाले? महिना झाला मी ते मळवून राह्यलो! एकेक डाग पुस्तकात पाहून लावला होता मी! तार कुठं आहे? तार कुठं गेली? अन् हे पिवळं काय आहे?"

"खरचटलं होतं," मी म्हटलं.

"खरचटलंच पाहिजे होतं ना, आई!"

असं बराच वेळ चाललं. मले साहेबांची अट तेव्हा कळली, ओरडण्याच्या मधामधातून. मले घेरी यायले पाहिजे होती, विहीणबाई. डोळ्यांले पाणीही आलं. पण ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं, हा माणूस ओरडून राह्यला. खणखणीत. जिनिंगच्या घरघरीवरून ऐकू जाईल असा. अन् मले मामी म्हणत नाही. पाहुणा सासूवर ओरडत नसते. घरच्या आईवरच ओरडतात. मी पदरात तोंड घालून बसली, ते समजले मी रडते अन् एकदम गप्प झाले. मी घाईघाईनं म्हटलं, थांबला कायले, बोल, आणखी काय काय बिघडवलं मी? भिंतीवरून लालीबाईचं डोकं आलं. "काय झालं वं कांताबाई? जवाई ओरडले की काय?" मी म्हटलं, हो! ती म्हणे, "अन् तू हसून काहून राह्यली? पेढे वाटतं का आता?" खरं तर वाटायलेच पाहिजे होते.

मग तुमच्या मुलानं घर हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेब येणार, वेळ नाही. ह्यायले हुकूम, आपली काळी माती नको, ब्रह्मदेशातली तांबूस असते, बरडावरची आणा अन् मैद्याच्या चाळणीनं चाळा. सासऱ्याले हुकूम, विहीणबाई! अन् हे गेले, आणली, अन् खोकला विसरून चाळत बसले. रजनीले, एक केस दे, लांब, सरळ. मले, काजळी धरलेला तवा आण, अन् तवा ठेवून दोन हात मागे हो. मी हात मागे धरून उभी राह्यली, शाळेत राहत होती तशी. रात्री काय काय केलं ते मले सांगता येत नाही, कारण मले झोप लागली. सकाळी पाह्यलं तर विमान अर्धं झालतं. डाव्या अंगानं काजळी, धूळ, उडालेला रंग, जसं कालपरवापर्यंत होतं तसं, नव्हे, जास्तच. उजवं अंग माझंच, न्हाऊन बसलेलं. रंग वाळायले वेळ लागते, त्याले कोण काय करणार. अन् साहेब म्हणजे पलटणीतले, सांगतलेल्या वेळेच्या आधीच फाटकात उभे.

साहेबांनी चहा नको म्हटलं. खिशातून भिंग काढलं अन् डाव्या अंगाकडून पाहत पाहत गेले. मग भुवया चढवून म्हणाले, अवधूत, माझ्या मेकॅनिकनं विमान एवढं मळकं ठेवलं असतं ना, तर मी त्याला धावपट्टीवर पळवलं असतं. मले वाटलं, झालं. गुलाबाचं कलम. रजनीनं माझा हात धरला. पण जवाईबापू मान खाली घालायच्या ऐवजी पुढे झाले.

"साहेब, तुमचं विमान छपराखाली उभं राहे. हे झाडाखाली उभं राहे. खाली मातीची पट्टी, वर ऊन, प्यायचं पाणी टँकरनं. तिथं कोण धुते विमान?"

"पंखाची पुढची कड अन् काच पुसतातच. मळ बसला की वेग कमी होतो, अन् वेग कमी झाला की जीव जातो."

"कड पुसतात, मान्य. पोट नाही पुसत."

असे दोघं अर्धं बसून, अर्धं उभं राहून भांडले. मी चुलीवर पाटोडीचा रस्सा ठेवला तेव्हा भांडण पोटावर होतं, उतरवला तेव्हा शेपटीवर आलतं. साहेबांच्या मिशा थरथरत होत्या अन् डोळे पोरासारखे चमकत होते. मग ते उजव्या अंगाले आले अन् वाकून पाहू लागले. म्हणाले, हं, हे बरोबर आहे. सकाळी उड्डाणाच्या आधी विमान असंच दिसते. हे कोणी केलं? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग भिंगातून पंखाकडे पाहत विचारलं, अन् हे पिवळं?

"ती आईनं केलेली दुरुस्ती आहे, साहेब," जवाईबापू म्हणाले. गंभीर तोंड करून. मग मी विमान न्हाऊ घातल्याची सगळी गोष्ट रजनीनं सांगतली. साहेब इतके हसले की भिंग समोर आणून ठेवलेल्या रश्श्यात पडलं. (पाटोडीच्या. नंतर त्यायनं दोन वाट्या खाल्ल्या.)

तर निकाल असा, विहीणबाई. विमान जसं आहे तसंच काचेच्या पेटीत मधोमध ठेवायचं, दोन्हीकडून पाहता येईल असं. एका अंगानं सकाळी निघालेलं, दुसऱ्या अंगानं संध्याकाळी परत आलेलं. साहेब म्हणाले, पोरांना एवढं समजलं तरी लढाई समजली. हळद राहू द्यायची. खोलीभराची बाकीची सगळी विमानं अवधूतनंच करायची अन् दर शनिवारी शाळेत शिकवायचं. खोकी दिवाळीआधी येतात. संध्याकाळी सोनं द्यायले गेले तर देवरावच्या ओट्यावर कोणीतरी विचारलं, काय पाहुणे, मुक्काम आहे ना? अन् तुमच्या मुलानं चपलांकडे न पाहता सांगतलं, "आहे. हरिकेन झालं, आता पुढचं यायचं आहे." फाटकापर्यंत ऐकू आलं मले.

आता थांबते, आभाले पाटी पाहिजे अन् मी तिच्याच पाटीवर कागद ठेवून लिहून राह्यली. तुमच्या घरच्या मोठ्यांले माझा नमस्कार पोचवा, लहानांच्या गालावरून माझ्या वतीनं हात फिरवा, अन् गुडघ्याले तेल लावा.

तुमचीच, पण आज थोडी जास्त मिजास असलेली,
कांता

ता. क. हे सगळं तुम्हाले मी सांगतलं हे अवधूतले कळू देऊ नका. तो स्वतः सांगेल तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करा. तुम्हाले जमेल. मागच्या वर्षी मी दिलेलं लुगडं उघडून तुम्ही किती खूश झाल्या होत्या, अन् रजनी म्हणे तुम्ही ते अजून नेसल्याच नाहीत.

ता. क. दुसरं. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं, अन् चार पानं इकडे तिकडे फिरत आली. दिवाळीले तुम्ही इकडे या. पाडव्याले मी बस स्टँडवर गाडी पाठवते, गुडघ्याचं निमित्त सांगू नका. मी त्याची कितीही तारीफ केली तरी ती सासूची तारीफ, जवायाचा मान म्हणून वाढलेली, ताटातल्या जास्तीच्या पुरीसारखी. तो ती बाजूले ठेवते. साहेबांनी एवढं म्हटलं तरी काल रात्री रजनीले विचारत होता, आईले काय वाटेल? रजनी म्हणाली, कोणत्या? तो म्हणाला, नेरच्या. तर या, अन् भिंग घेऊन पाहा, अन् काहीतरी बोला. तारीफ जमत नसेल तर ओरडा. पण खेळणं म्हणू नका. अन् आल्यावर फडकं घेऊन जवळ जाऊ नका, तुमचा हात मले माहीत आहे.

ता. क. तिसरं. पत्र चिकटवलेलं पुन्हा उघडलं. आता मी त्याची आई झाली, हे तुम्हाले सांगून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको. पाडव्याले तो दारातून "आई" म्हणून हाक मारेल तेव्हा आपण दोघीही ओ देऊ. मी आधी देईन, कारण घर माझं आहे.